फादर स्टीफन्स आणि येणाऱ्या तारकाचे पुराण



तुमच्यापैकी कोणी घाटकोपरच्या टेकडीवर राहतात, कोणी अंधेरीच्या चाळीत, तर कोणी बोरिवली-मुलुंडकडे. मरोळच्या किंवा विलेपार्ल्याच्या जुन्या गावठाणातून जाताना वाटेच्या कडेला उभे असलेले क्रूस तुम्ही पाहिले असतील. मुलुंडच्या पुढे ठाण्याला उतरलात, तर तेथे बेने इस्रायल लोकांचे १८७९ साली बांधलेले प्रार्थनामंदिर आहे. क्रूसापुढे मेणबत्ती लावणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती आपल्यासारखाच मराठी बोलतो. शनिवार पाळणारा बेने इस्रायलही मराठीच बोलतो. दोघेही एकच जुना ग्रंथ पवित्र मानतात आणि त्या ग्रंथातले एकच वचन दोघांच्या श्रद्धेच्या मुळाशी आहे. ते वचन असे की, दुःखात पिचलेल्या लोकांना सोडवायला एक तारक येणार आहे. मात्र ख्रिस्ती माणूस म्हणतो की तो तारक येऊन गेला. यहुदी माणूस म्हणतो की तो अजून यायचा आहे.

या येणाऱ्या तारकाची संपूर्ण कथा मराठी ओवीत लिहिणारा पहिला मोठा कवी आपल्या मुलखातला नव्हता. तो एक इंग्रज होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. मराठीच्या अभ्यासक्रमात फादर स्टीफन्स म्हणून तो शिकवला जातो, आणि मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या पुष्कळांना ठाऊक असतात. परंतु तो ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला हे सहसा सांगितले जात नाही. तो लिहिला गेला नुकत्याच धर्मांतर केलेल्या माणसांसाठी. म्हणूनच त्या माणसाचे चरित्र तुम्हां-आम्हांला समजून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमधला तरुण

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. मुलगा शिकला-सवरला, परंतु तो काळ इंग्लंडमध्ये धर्माच्या भांडणाचा होता. तेथील राजसत्तेने रोमच्या पोपशी संबंध तोडून स्वतःचे वेगळे चर्च उभे केले होते. एलिझाबेथ राणीच्या राज्यात जे लोक जुन्या कॅथलिक पंथाला धरून राहिले, त्यांना दंड होत, तुरुंगवास होई. स्टीफन्स यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड हे असेच कॅथलिक. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरवले होते, पण पाउंड पकडले गेले आणि त्यांची पुढची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ साली त्यांनी येशूसंघात, म्हणजे जेजुइट पाद्र्यांच्या संघात प्रवेश केला. त्याच संघातील एडमंड कॅम्पियन हा पाद्री इंग्लंडला परतला, तेव्हा १५८१ साली त्याला तेथे देहान्ताची शिक्षा झाली. धर्मासाठी छळ म्हणजे काय, हे स्टीफन्स यांना स्वतःच्या देशात कळले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे गलबत सुटले. आफ्रिकेला वळसा घालून, वादळे आणि आजार सोसत, २४ ऑक्टोबरला ते गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांहून जास्त दिवस पाण्यावर गेले. पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि तिकडच्या लोकांना हिंदुस्थानच्या वाटेची माहिती त्यातून मिळाली. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचेच नाव घेतात. व्यापारी नंतर आले. १५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते.

दोन साष्टी

पुढची सुमारे चाळीस वर्षे स्टीफन्स यांनी मुख्यतः गोव्यातील साष्टी महालात काढली. येथे एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्या जमिनीवर राहतो, ते वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचे बेटही साष्टीच म्हणवत असे. गोव्याची साष्टी ती नव्हे. पण राज्यकर्ता एकच होता. आपल्या साष्टीवरही १७३७ पर्यंत, म्हणजे मराठ्यांनी बेट घेईपर्यंत, पोर्तुगीजांचा अंमल होता. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीज पाद्र्यांनी बांधलेल्या मठाचे पडके अवशेष आजही उभे आहेत. तेव्हा गोव्यात जे घडले, त्याचा वारा आपल्या अंगणातूनही गेलेला आहे.

गोव्याची साष्टी १५४३ साली कायमची पोर्तुगीजांकडे आली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसले. ते मध्ये एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि अखेर १८१२ साली उठले. १५६० नंतरच्या दशकात साष्टीतील देवळे पाडण्यात आली. १५६७ साली भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदूंचे सार्वजनिक विधी आणि त्यांचे ग्रंथ यांवर निर्बंध घातले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना काही सवलती मिळत, न घेणाऱ्यांवर बंधने येत. काही लोक मनापासून ख्रिस्ती झाले, काही भीतीने झाले, काही जमीन राखण्यासाठी झाले. कोण कशासाठी झाला हे आज बसून मोजता येणार नाही.

जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी गावी लोकांचा राग उसळला. रुडॉल्फ अक्वाव्हिवा यांच्यासह पाच जेजुइट आणि त्यांच्या सोबतचे लोक मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळवण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर आले आणि त्यांनी ते केले. त्यानंतर पोर्तुगीज सरकारने कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि ठार केले. चर्चने त्या पाच पाद्र्यांना हुतात्मे मानले. कुंकळ्ळीचे लोक आपल्या गावकारांना हुतात्मे मानतात.

स्वतःच्या देशात ज्याच्या पंथाचा छळ झाला, तो माणूस येथे छळ करणाऱ्या सत्तेच्या सावलीत धर्मोपदेश करीत होता. स्टीफन्स स्वतः मवाळ होते, लोकांत मिसळणारे होते. तरी ही विसंगती झाकता येत नाही. पण एवढे म्हणून पुस्तक मिटावे असाही हा माणूस नाही. कारण त्या सावलीत बसून त्यांनी जे केले, ते त्या सत्तेला सुचलेले नव्हते. ते लोकांची भाषा शिकले.

रिकामी झालेली संध्याकाळ

१५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी नोंदवले की, येथील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक या भाषांशी मिळतीजुळती आहे. युरोपातील पंडितांना ही गोष्ट पुढे दोनशे वर्षांनी ठळकपणे उमगली. त्यांनी कोकणी आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले आणि कोकणीचे पहिले छापील व्याकरण ठरले. कोकणीत त्यांनी लिहिलेली ख्रिस्ती शिकवणुकीची प्रश्नोत्तरी १६२२ साली छापली गेली. आणि ज्या मराठीत त्या वेळी गोव्यात पुराणे वाचली जात, ती ग्रंथांतली मराठीही त्यांनी मुळापासून अभ्यासली. पैठणला एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे येईल.

त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीगुरूला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला-ऐकायला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न कवीने कल्पिला असो वा त्याला कोणी खरोखर विचारला असो, तो खरा प्रश्न आहे. धर्म बदलला की देवघर रिकामे होते, एवढेच आपण पाहतो. पण त्याबरोबर घरातली संध्याकाळही रिकामी होते. दिवेलागणीला आजी जी गोष्ट सांगत असे, जात्यावर जी ओवी येत असे, लग्नात आणि मयताच्या वेळी जे गाणे होत असे, ते सगळे जाते. नुसती मनाई करून ही जागा भरत नाही. ती कशाने तरी भरावी लागते. न भरल्यास जुने तेच मागच्या दाराने परत येते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी धम्मदीक्षेनंतर खंडोबा-मरीआईचे टाक विसर्जित झाले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बुद्धवंदना पाठ होईपर्यंत, भीमगीते वस्तीवस्तीत घुमेपर्यंत, ती जागा किती मोकळी-मोकळी वाटली असेल हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

स्टीफन्स यांनी त्या मागणीला ओवीत उत्तर दिले. १६१६ साली साष्टीतील राचोल येथील छापखान्यातून त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. आज आपण त्याला ख्रिस्तपुराण म्हणतो. पण मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ होता आमच्या तारक येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयी प्रवचन. नावातच येणे आहे. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्यात एकोणसाठ. ओव्या सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार. देवनागरी खिळे हाताशी नसल्यामुळे एवढी मराठी रोमन अक्षरांत छापावी लागली. इथल्या लिपीत छापण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहिले होते. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

वचन काय होते?

दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म, उपदेश, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान यांची कथा आहे. परंतु पहिले पुराण पूर्णपणे वाट पाहण्याचे आहे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ते सुरू होते. आदाम आणि एवा यांच्या हातून अपराध घडतो, आणि तेथेच देव वचन देतो की, एक दिवस याची भरपाई करणारा येईल. मग नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद राजा आणि संदेष्टे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रांग लागते.

हे वचन मुळात यहुदी लोकांचे. त्यांच्या हिब्रू भाषेत ज्याच्या डोक्यावर तेल ओतून अभिषेक केला आहे अशा माणसाला मशीहा म्हणत. राजाला आणि मुख्य याजकाला असा अभिषेक होई. ग्रीक भाषेत त्याच शब्दाचे ख्रिस्तोस झाले. म्हणजे ख्रिस्त हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे. जसे बुद्ध हे नाव नसून पदवी आहे, तसेच.

इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकले, मंदिर जाळले आणि तेथील पुष्कळ लोकांना परमुलखात नेले. पारंपरिक कालगणनेप्रमाणे तथागतांचे शतकही हेच. त्या उद्ध्वस्त लोकांना आपले गेलेले राज्य, दावीदाचा वंश आणि न्यायाचा दिवस यांची आस लागली. ती आस संदेष्ट्यांनी शब्दांत मांडली. संदेष्टा म्हणजे केवळ भविष्य सांगणारा ज्योतिषी, अशी समजूत करून घेऊ नका. आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे राजाला आणि सावकाराला तोंडावर जाब विचारणारे होते. गरिबाला विकून खाणाऱ्यांची, विधवेचा न्याय बुडवणाऱ्यांची पूजा देवाला नको आहे, असे त्यांनी सांगितले. येणारा मशीहा हा त्यांच्या दृष्टीने मुख्यतः न्याय आणणारा राजा होता. आणखी एक आश्चर्य पाहा. इराणचा राजा कोरेश याने बाबेल जिंकून यहुद्यांना मायदेशी परतण्याची मोकळीक दिली, तेव्हा यशयाच्या ग्रंथात त्या परधर्मी राजालाही मशीहा ही पदवी दिली गेली. सोडवणारा आपल्याच जातीचा असला पाहिजे, असे त्या वेळी त्यांनी म्हटले नाही.

येशू होऊन गेल्यावर त्याच्या अनुयायांनी हे जुने ग्रंथ नव्या डोळ्यांनी वाचले. मीखाने बेथलेहेमचे नाव घेतले होते, येशूचा जन्म तेथला. जखऱ्याने गाढवावर बसून येणारा नम्र राजा वर्णिला होता, येशू तसाच यरुशलेमात आला. यशयाने दुसऱ्यांच्या अपराधांचा भार सोसणारा एक दुःखी सेवक सांगितला होता, त्यांना त्यात क्रूसावरचा येशू दिसला. स्टीफन्स यांनी हीच मांडणी साष्टीच्या लोकांसाठी ओवीत उतरवली. पहिल्या पुराणात गाठ बांधायची आणि दुसऱ्यात ती सोडवायची, अशी त्यांची रचना आहे.

यहुद्यांनी हे मान्य केले नाही. त्यांचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. यशयाने सांगितलेला दुःखी सेवक हा एक माणूस नसून सगळी इस्रायल जातच आहे, असे त्यांचे पंडित सांगतात. कुमारिकेला पुत्र होईल असे ख्रिस्ती वाचतात, पण मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ तरुण स्त्री असा आहे. ग्रीक भाषांतरात त्याची कुमारिका झाली. सर्वांत मोठा आक्षेप साधा आहे. मशीहा आल्यावर लढाया थांबायच्या होत्या, न्याय नांदायचा होता. तसे कोठे झाले? यावर ख्रिस्ती उत्तर असे की, तो पुन्हा येणार आहे आणि तेव्हा ते काम पुरे होईल. म्हणजे जो आला असे मानतो, तोही वाट पाहतोच आहे.

या वाट पाहण्याने माणसांना जगवले, तसे काही वेळा बुडवलेही. इ. स. १३२ मध्ये बार कोखबा नावाच्या पुढाऱ्याला मशीहा मानून यहुद्यांनी रोमन साम्राज्याविरुद्ध बंड केले. १३५ पर्यंत ते चिरडले गेले आणि त्या देशाची राखरांगोळी झाली. आपल्या कोकणातील बेने इस्रायल मात्र शांतपणे वाट पाहत राहिले. तेल्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येणार, अशी यहुदी श्रद्धा आहे. त्या एलियाला बेने इस्रायल एलियाहू हनाबी म्हणतात, त्याच्या नावाने मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी तो येऊन गेला असे मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांना शाळा दिल्या, हिब्रू शिकवली, बायबलचा जुना करार मराठीत दिला. त्यांनी ते सगळे शिक्षण घेतले, आभार मानले, आणि फार थोडे अपवाद सोडता ते यहुदीच राहिले. शिक्षण घ्यावे, पण पटल्याशिवाय मान तुकवू नये, हा त्यांच्याकडून घेण्यासारखा धडा आहे.

ग्रंथाचे पुढे काय झाले?

स्टीफन्स १६१९ साली गोव्यात वारले. वय सत्तरीच्या घरात होते. मायदेशी ते पुन्हा कधी गेले नाहीत. त्यांचे पुराण रविवारी आणि सणावारी देवळात प्रार्थनेनंतर वाचले जाई, लोक ते गात. १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. पण १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या सत्तेच्या धर्मासाठी स्टीफन्स लोकांची भाषा शिकले, त्याच सत्तेने ती भाषा मोडू पाहिली. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो घराघरांतून. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकला करून तो जपला. १९०७ साली मंगळूरला जे. एल. साल्ढाणा यांनी तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीत तो पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी प्रसिद्ध केला १९५६ साली. ज्या वर्षी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष.

छापखान्याने नव्हे, घराने ग्रंथ वाचवला. धर्म देवळात किंवा विहारात शिकवला जातो, पण टिकतो घरात, हे यावरून दिसते.

आपल्यासाठी

आता दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट शब्दांची. स्टीफन्स यांनी नवी कथा सांगताना जुने शब्द वापरले. त्यांच्या पुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, ग्रंथाला पुराण म्हटले आहे. लोकांना कळावे म्हणून हे केले, आणि त्याशिवाय कोणाला कळलेही नसते. परंतु शब्दाबरोबर कधी कधी जुनी व्यवस्थाही आत येते. गोव्यात बाप्तिस्मा घेतलेले लोक बामण, चाड्डी, सुदिर असे वेगळेच राहिले. लग्ने जातीत होत राहिली. देवळातील कोनफ्रारी, म्हणजे भक्तमंडळे, यांच्या सभासदत्वालाही जातीची कुंपणे होती. तारकाची कथा सर्वांनी ऐकली, पण ऐकणारे शेजारी बसले नाहीत. याचा सगळा दोष स्टीफन्स यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु सोडवणूक आली असे गाणाऱ्या गावात महार ख्रिस्ती महारच राहिला, हे सत्य आहे. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही असे आपल्याकडून का वदवून घेतले, हे या इतिहासाच्या उजेडात वाचले म्हणजे नीट समजते. त्यांनी जुन्या शब्दाचे दार मुद्दाम लावून घेतले. आपल्या घरात पोटजात पाहून सोयरीक जुळवली जात असेल, तर ते दार आपणच आतून उघडतो आहोत, असे समजा.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. पिचलेल्या माणसाला कोणीतरी येईल असे वाटणे यात लाज नाही. त्या आशेने यहुदी लोक अडीच हजार वर्षे टिकले, आणि ख्रिस्ती माणसाला त्या आशेने मरणाच्या दारातही धीर दिला. त्या श्रद्धेची टवाळी आपण करू नये. आपल्या परंपरेतही पुढे मेत्तेय्य बुद्ध होणार असे सांगितले आहे. परंतु तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवले नाही. ते मार्गदाता आहेत, मार्ग चालायचा तो आपण, हे बाबासाहेबांनी त्यांच्या धम्मग्रंथात स्पष्ट केले आहे. अलीकडे आपल्या वस्त्यांतून बाबासाहेबांनाच पुन्हा जन्म घ्या म्हणून हाक घालणारी गाणी ऐकू येतात. प्रेमापोटी ती म्हटली जातात, हे मी जाणतो. पण विचार करा. ज्यांनी आपल्याला वाट पाहणे सोडून चालायला लावले, त्यांचीच वाट पाहत बसणे हे त्यांना आवडले असते काय?

माता-भगिनींनो, फादर स्टीफन्स यांच्याकडून आपण हे घ्यावे. परमुलखातला एक माणूस पस्तीस-छत्तीस वर्षे भाषा शिकत राहिला, कारण धर्म बदललेल्या माणसांची संध्याकाळ रिकामी राहू नये असे त्याला वाटले. आपण तर या भाषेतच जन्मलो. आपल्या घरी आज दिवेलागणीला मुलांना काय ऐकू येते? रोज एक पान धम्मग्रंथाचे मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकावे, ज्याला येते त्याने वाचावे. पोराला अर्थ विचारा, चुकला तर सांगा, तुम्हांला अडले तर विहारात विचारा. सोडवणारा कोठून येणार याची चर्चा मग करावी लागणार नाही.

जय भीम.